घामवाल्या ताईंचा फोन

शाळेत घामवाल्या ताई आल्या, तेव्हा टिटवी मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. खेळाच्या तासाला तिची हीच जागा. टिटवी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे, ते बाबांनी ठेवलेलं. लहानपणी काटकुळ्या पायांवर घरभर तुरुतुरु पळायची आणि पळता पळता तोंडाचा पट्टा चालू ठेवायची, म्हणून टिटवी. आता ती चौदा पार करून पंधराव्यात होती. पाय अजून तसेच होते. बडबड मात्र वाटेत कुठेतरी सांडली होती, आणि ती नेमकी कधी सांडली, हे घरातल्या कुणालाही सांगता आलं नसतं.

घरात होतं तरी कोण? बाबा आणि ती. बाबा कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला. ती शाळेत निघायची तेव्हा ते यायचे, ती शाळेतून यायची तेव्हा काळ्या पडद्याआड झोपलेले असायचे, आणि दिवेलागणीला उठून, चहा पिऊन, डबा घेऊन निघून जायचे. टिटवी घरात पायमोजे घालून वावरायची. भांडं वाजू द्यायचं नाही, नळ बारीक सोडायचा, खुर्ची उचलून सरकवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून आपसूकच जमलं होतं.

आई दुसऱ्या घरी होती. भांडणतंटा नव्हता, कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं. आईचं नवं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि आता तिकडे एक बाळ होतं, गुबगुबीत, आईच्या वळणाचं. टिटवीला बाळाचा राग येत नसे. पण आईचा फोन आला की शाळेचं, जेवणाचं विचारून होईस्तोवर पलीकडून रडण्याचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, "थांब हं, बाळ उठलं. करते मी मग." मग म्हणजे पुढच्या वेळी.

तर घामवाल्या ताई. हे नाव मुलांनी पहिल्याच दिवशी पाडलं. त्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये संशोधन करायच्या. उंच, खांद्यावर जड पिशवी, केस घाईघाईत बांधलेले. त्यांनी डबीतून एक मऊ, नाण्याएवढी चकती काढून सगळ्यांना दाखवली.

"हा पॅच. हातावर चिकटवायचा आणि पळायचं. याच्या आत केसासारखी बारीक नळी आहे, बघा, वळणं घेत गेलीय. घाम तिच्यात शिरतो, पुढे सरकतो, तसा रंग बदलतो. पळून झालं की मोबाइलने पॅचचा फोटो काढायचा. घाम किती गेला, त्यातून मीठ किती गेलं, हे आकडे थेट माझ्याकडे येतात."

"ताई, वासपण येतो का तुमच्याकडे?" मागून एकाने विचारलं.

"नाही. वास तुम्ही घरच्यांसाठी ठेवायचा."

मुलं खो खो हसली. खेळाचे सरही हसले. मग ताई म्हणाल्या, "लहान मुलांना घाम कमी येतो, मोठ्यांना जास्त. तुम्ही लोक मधल्या पुलावर उभे आहात. मोठ्यांचं माप तुम्हाला लावून चालत नाही, आणि तुमचं माप अजून कुणी नीट काढलेलं नाही. म्हणून मी आलेय."

सरांनी लगेच फुटबॉलच्या चमूतली पोरं पुढे केली. ताईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "न खेळणारीही हवीत मला. सगळे पळणारेच घेतले तर मापाला काय अर्थ? ती तिकडे टाकीपाशी बसलीय ती कोण?"

न खेळण्यासाठी का होईना, पण आपली निवड झाली याचं टिटवीला इतकं अप्रूप वाटलं की उभं राहताना ती टाकीच्या नळावर आपटली.

संमतीच्या कागदावर बाबांनी सकाळी दारातच सही केली. "कसलं आहे हे?"

"घामाचं."

"घामाचं?" बाबांनी डोळे चोळले. "दुखत नाही ना?"

"नाही."

"मग ठीक." आणि ते आडवे झाले. त्या आठवड्यातलं त्यांच्यातलं हे सर्वांत मोठं संभाषण.

काम सोपं होतं. ठरलेल्या दिवशी शाळा सुटल्यावर पॅच लावायचा, मैदानावर किंवा घराजवळ अर्धा तास पळायचं किंवा जिना चढायचा, मग फोटो. आकडे ठीक असले की अ‍ॅपमध्ये हिरवा ठिपका यायचा. फार मीठ किंवा फार पाणी गेलं असेल तर लाल. लाल आला की ताईंनी त्याच संध्याकाळी फोन करून विचारपूस करायची, असा अभ्यासाचा नियमच होता. टिटवीला सुरुवातीला सगळे हिरवेच आले.

पहिला लाल आला तो अगदी अनवधानाने. तिच्या बाकावरची मैत्रीण त्या दिवशी काही न सांगता दप्तर उचलून पुढच्या रांगेत जाऊन बसली. भांडण नाही, काही नाही. मधल्या सुट्टीतही ती तिकडच्याच मुलींबरोबर होती. टिटवी डबा आणि बाटली बाकातच विसरली आणि भर उन्हात शाळेपासून घरापर्यंत न थांबता पळत आली. जिन्यात उभी राहून फोटो काढला. लाल.

दिवेलागणीला बाबा गेले आणि फोन वाजला.

"मी बोलतेय, लॅबमधून. आज काय केलंस गं बाई? चक्कर येतेय का?"

"नाही."

"पोटऱ्यांत गोळे? मळमळ? पाणी किती प्यायलीस?" मग जरा थांबून, "आणि लघवीचा रंग कसा आहे?"

टिटवीला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी तिचा स्वतःचा हसण्याचा आवाज स्वयंपाकघरात घुमला आणि ती दचकली.

"हस, हस. मला रोज विचारावं लागतं हे. माझ्या आईला वाटतं, मुलगी शिकून मोठी झाली. बरं, आता दोन ग्लास पाणी पी, काहीतरी खा. आणि बाकी काय?"

बाकी काय, हा प्रश्न कुठल्या यादीत नव्हता. फोन ठेवण्याआधी माणसं म्हणतात तसं त्या म्हणून गेल्या होत्या. पण टिटवी खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. मैत्रीण पुढच्या रांगेत गेली ते, खालच्या मजल्यावरच्या काकू रेडिओशी भांडतात ते, आईकडच्या बाळाला दात येतोय ते. ताई मधूनमधून "हं, मग?" म्हणत राहिल्या. त्या काहीतरी चावत होत्या.

"तुम्ही जेवताय का?"

"बिस्किट. मशीन चालू आहे, सोडून जाता येत नाही. तू बोल."

फोन ठेवला तेव्हा घर तेवढंच होतं, पण टिटवीने पायमोजे काढून फरशीवर तळवे टेकवले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

पुढच्या वेळी हिरवा आला. त्याच्या पुढच्या वेळीही. ती फोन ओट्यावर ठेवून समोर बसायची. तो काही वाजायचा नाही. कसा वाजेल? सगळं ठीक असलेल्या मुलीला कोण कशाला फोन करेल?

दाराच्या मागे बाबांचा जुना कोट लटकत असे. कोल्ड स्टोरेजमध्ये घालायचा, आतून कापूस भरलेला, गुडघ्यापर्यंत येणारा. नवा मिळाल्यापासून तो कुणी घालत नव्हतं. एका दुपारी टिटवीने पॅच लावला, कोट अंगात चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि इमारतीचा जिना चढायला सुरुवात केली. वर, खाली, पुन्हा वर. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. चौथ्या खेपेला कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. गच्चीच्या दाराशी बसून तिने फोटो काढला आणि लाल ठिपका दिसल्यावर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

संध्याकाळी ताईंचा आवाज आला. "काय गं, आज पुन्हा?"

"उन्हात पळाले."

"सावलीत पळत जा. चक्कर?"

असं सुरू झालं. ती ताईंना सगळं सांगायची, एक गोष्ट सोडून. ताईही थोडंथोडं सांगायच्या. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, मशीनचा आवाज मांजरीच्या घुरघुरण्यासारखा येतो, पूर्ण मजल्यावर या वेळी त्या एकट्याच असतात. कधी प्रश्न दोन मिनिटांत संपायचे आणि बोलणं मात्र चालूच राहायचं. टिटवीच्या गालांची हाडं वर आली होती, वर्गात डोकं ठणकायचं, पाय झोपेत वळायचे. पण संध्याकाळकडे डोळे लावून बसायला काहीतरी होतं.

एकदा ताई हसल्या नाहीत. "हे बघ, तुझ्या घामातून मीठ फारच जातंय. इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. एखाद्या आजारातही असं होऊ शकतं. घाबरू नको, बहुतेक काही नसेल. पण डॉक्टरांना दाखवायला हवं. बाबांशी बोलते मी."

"बाबा झोपलेले असतात."

"मग उठवावं लागेल. आणि मी सांगेपर्यंत व्यायाम बंद. पॅचही लावायचा नाही. कळलं?"

व्यायाम बंद म्हणजे आकडे बंद, आणि आकडे बंद म्हणजे फोन बंद. टिटवी घाबरली होती. आपल्याला आजारबिजार काही नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि सांगायचं तर कोटापासून सांगावं लागलं असतं. पहिली संध्याकाळ शांत गेली. दुसरीही. तिसऱ्या दिवशी तिने आईला फोन लावला. आईने उचलला, "अगं, आता झोपवतेय त्याला," असं कुजबुजली आणि ठेवला. टिटवीने राहिलेल्या पॅचमधला एक काढला, हातावर दाबून बसवला आणि दारामागचा कोट घेतला.

त्याच दुपारी ताईंनी बाबांना फोन करून उठवलं.

अर्धवट झोपेत ऐकलेल्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द बाबांच्या डोक्यात शिरला, आजार. पडदा बाजूला सारून ते बाहेर आले. "टिटवे!" बऱ्याच महिन्यांनी त्यांनी घरात मोठ्याने हाक मारली होती. दप्तर जागेवर होतं, बूट नव्हते. दारामागची खुंटी रिकामी होती. अनवाणीच ते जिना उतरले आणि त्यांनी काकूंचं दार वाजवलं.

"ती ना? जिन्यावर असेल," काकू म्हणाल्या. "या वेळेला बरेचदा वरखाली करत असते, तो जाड कोट घालून. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी करायला सांगितलंय."

बाबा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. ती गच्चीच्या बंद दाराशी पडली होती, गुडघे पोटाशी, कोटात बुडून गेलेली. चेहरा पांढराफटक. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच लागत नव्हती. फरशीवर पडलेला तिचा फोन थरथरत वाजत होता.

त्यांनी एका हाताने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"अगं, तुला नको सांगितलं होतं ना? आत्ता पुन्हा लाल आलाय," पलीकडून ताई घाईघाईने बोलत होत्या. "चक्कर येतेय का?"

"मी तिचे बाबा बोलतोय. ती पडलीय. नीट बोलत नाही."

ताईंचा आवाज एकदम सपाट, कामाचा झाला. "आधी अंगावर जाड, घट्ट जे काही असेल ते काढा. पाय उंच करा. ओलं फडकं मिळेल? शुद्धीवर आहे? गिळता येत असेल तरच पाणी द्या, घोट घोट. सकाळपासून किती पाणी प्यायलीय?"

"माहीत नाही."

"शेवटचं कधी जेवली?"

"माहीत नाही."

"उलट्या झाल्या का आज, काल? झोप झालीय का नीट? पाळी चालू आहे का?"

"मॅडम," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, "मला काहीच माहीत नाही हो."

टिटवीला हे सगळं लांबून, पाण्याखालून ऐकू यावं तसं ऐकू येत होतं. पोटऱ्यांत दगडासारखे गोळे आले होते. तरी त्या क्षणी तिला पायांपेक्षा बाबांचा तो आवाज जास्त दुखला. ती म्हणाली, "सकाळी एक ब्रेड खाल्ला होता," पण ओठच हलले, शब्द कुणापर्यंत पोचले नाहीत.

काकूंनी फडकी भिजवून आणली, काकूंच्या यजमानांनी गाडी काढली.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं. आई आली, बाळाला काखेत घेऊन. टिटवीचे केस कुरवाळत ती मुसमुसून रडली, मग बाळही रडायला लागलं आणि त्याला घेऊन ती बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिली. बाबा स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. सगळी माणसं एका खोलीत, तिच्यासाठी आलेली. असं व्हावं हे टिटवीने कितीदा मनात आणलं होतं, आणि आता तिला कुणाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या. फोनवर वाटायच्या त्यापेक्षा त्या थकलेल्या आणि वयाने मोठ्या दिसत होत्या. बाबा उठून उभे राहिले. "मॅडम, आजार कुठला आहे? स्पष्ट सांगा. मी रजा टाकलीय. लागेल तिथे नेतो तिला."

"आजार नाही," टिटवी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"कोट होता. मी कोट घालून चढायचे. पाणी प्यायचे नाही." छताकडे बघत तिने एका दमात सांगून टाकलं. "लाल आला की ताई फोन करायच्या. म्हणून."

बाबा स्टुलावर बसले. ताई पलंगाच्या कडेवर टेकल्या. रागावतील असं टिटवीला वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"मला कळायला हवं होतं," त्या बाबांना म्हणाल्या. "आकडे बघूनच शंका यायला हवी होती. पण तिचा नंबर दिसला की मलाही बरं वाटायचं. दिवसभरात माझ्याशी एवढं कुणी बोलत नाही. माझ्या वरच्यांना मी हे सगळं सांगणार आहे." मग टिटवीकडे वळून म्हणाल्या, "तुला अभ्यासातून काढावं लागेल. तुझे आकडेही."

"सगळे?"

"सगळे. आधीचे हिरवेसुद्धा. त्यातले खरे कुठले, ते आता सांगता येणार नाही."

"हिरवे खरे होते." टिटवीच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरलं. "ते खरे होते, ताई."

"मला माहीत आहे गं."

"आता फोन नाही करणार तुम्ही?"

खोटं काहीतरी गोड बोलून टाकणं सोपं होतं, तेवढं ताईंनी केलं नाही. "नाही. मी करणं बरोबर नाही. तुला फोन यायला हवेत, ते लाल ठिपक्याशिवाय यायला हवेत, आणि माझ्यापेक्षा जवळच्या माणसांचे यायला हवेत."

घाईगर्दीत तो पॅच तिच्या हातावर तसाच राहिला होता. ताईंनी कापूस ओला करून त्याच्या कडा मऊ केल्या आणि हळूहळू, कातडी न ओढता तो काढला. खाली एक फिकट गोल उमटला होता. सवयीने त्यांनी पॅच छोट्या पिशवीत घातला, पिशवी बंद केली आणि मग ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. जाताना त्यांनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढंच.

पुढे ताई शाळेत एकदाच आल्या, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन, तेही सामान परत न्यायला. टिटवी टाकीपाशी उभी होती. ताईंनी लांबून हात हलवला. तिनेही हलवला.

बाबांनी दिवसपाळी मागितली. वरिष्ठ म्हणाले, नाव लिहून ठेवतो, जागा झाली की बघू. जागा काही लगेच होणार नव्हती. मग बाबांनी आपल्यापुरता बदल केला. ती शाळेतून यायच्या वेळेला गजर लावून ते उठायला लागले. डोळे तारवटलेले, केस विस्कटलेले, पण टेबलाशी बसून तिच्याबरोबर जेवायचे. आईने शनिवारी तिला आपल्याकडे राहायला बोलवायचं ठरवलं, कधी जमलं, कधी बाळाच्या तापापायी राहून गेलं.

जेवणं सुरुवातीला फार अवघड गेली. बाबांना काय विचारावं ते सुचायचं नाही. "अजून वाढू?" "नको." "शाळा?" "ठीक." मग चमच्यांचा आवाज. दोघांनाही घाम फुटायचा, आणि तो मोजायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं.

अशाच एका दुपारी बाबा अचानक म्हणाले, "मी तिकडे बोलतो."

"कुठे?"

"कामावर. आत थंडीत. मोठ्याने बोलतो. कुणी नसतं ना. जबडा आखडू नये म्हणून सुरुवात केली होती, मग सवयच लागली."

टिटवीने मान वर केली. "कुणाशी बोलता?"

बाबा ओशाळले. "मटारांशी. सगळ्यांत जास्त खोकी त्यांचीच असतात."

"काय सांगता त्यांना?"

"असंच. आज पाठ दुखतेय. मुकादम चिडलाय. मुलगी घरी एकटी आहे." शेवटचं वाक्य बोलून ते ताटात बघायला लागले.

"आणि मटार काय म्हणतात?"

"काय म्हणणार? गप्प असतात. तुझ्यासारखे."

"तुमच्यासारखे," टिटवी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं, गळ्यातल्या गळ्यात, अडखळत, बरीच वर्षं न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखं. तीही हसली. हसून झाल्यावर पुन्हा काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही, पण त्यांनी ताटं घाईने उचलली नाहीत.

दिवेलागणीला बाबा निघाले. ती त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, हे तिने हल्लीच सुरू केलं होतं. कंपनीची गाडी आली, बाबा चढले, काचेतून त्यांचा हात दिसला आणि गाडी वळली. टिटवी सावकाश घरी आली. घरात अंधार होता. तिने दिवा लावला, स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि भांडी घासायला घेतली, जरा जास्तच आवाज करत.